शिकण्याचा परवाना आणि कमावण्याचा परवाना

दरवर्षी जून-जुलै उजाडला की आपल्या मंडळांच्या वृत्तपत्रकांतले एक सदर आपोआप भरते. अमक्यांचे चिरंजीव, तमक्यांची कन्या, कुणा रावसाहेबांची नात उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस रवाना होत आहे, मंडळातर्फे हार्दिक अभिनंदन. इंदूर असो, ग्वाल्हेर असो, बडोदे, हैदराबाद, बेळगाव किंवा मडगाव असो, मजकूर सारखाच असतो. अभिनंदन करण्यात आम्हांलाही आनंदच आहे. परंतु त्या मजकुरात एक गोष्ट कधी छापली जात नाही, आणि घरात बोलली जाते तीही अर्धवट. ती अशी की, मुलाच्या हाती पडलेला परवाना शिकण्याचा आहे, कमावण्याचा नाही. कमावण्याचा परवाना पुढे वेगळा मागावा लागतो. तो तुकड्यातुकड्याने मिळतो, प्रत्येक तुकड्यावर तारीख लिहिलेली असते, आणि ती तारीख बदलण्याचा अधिकार आपल्याकडे नसतो.

हा विषय वरवर घरगुती वाटतो. आमच्या मते तो राजकीय आहे, आणि म्हणूनच या पानावर आम्ही तो घेत आहोत.

प्रथम आकडे पाहू. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी चीनला मागे टाकून आपला देश पहिल्या क्रमांकावर गेला. २०२४-२५ मध्ये ही संख्या ३,६३,०१९ झाली. यांतले सगळे वर्गात बसलेले होते असे मात्र नाही. २०२३-२४ च्या आकड्यातले ९७,५५६ जण शिक्षण संपवून ‘ओपीटी’ नावाच्या तात्पुरत्या परवानगीवर नोकरी करीत होते. आपल्या घरांतून जी मुले जातात, त्यांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा सगळा हिशेब या तीन अक्षरांवर उभा असतो. तेव्हा ही अक्षरे नीट समजून घेणे हे पहिले काम.

सुरुवात व्हिसापासून करू. पासपोर्टावर लागणारा एफ-१ चा शिक्का भारतीय विद्यार्थ्यांना बहुधा पाच वर्षांचा मिळतो. घरचे लोक समजतात, पाच वर्षे निश्चिंती झाली. तसे नाही. तो शिक्का दारातून आत येण्यापुरता असतो. आत किती दिवस राहायचे हे विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या कागदावर आणि विद्यार्थी म्हणून नाव नियमाने चालू आहे की नाही यावर ठरते. शिक्षण संपले की साठ दिवसांत पुढची परवानगी मिळवा, दुसरीकडे प्रवेश घ्या, नाहीतर देश सोडा, असा आजवरचा नियम. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारने मुक्कामाला सरसकट चार वर्षांची कमाल मर्यादा घालावी आणि साठ दिवसांचे तीस करावेत असा प्रस्तावही मांडला होता.

शिकत असताना काम करता येते का? येते, पण विद्यापीठाच्या आवारात, आणि सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत. ग्रंथालयात, भोजनगृहात, प्रयोगशाळेत, प्राध्यापकांच्या हाताखाली. आवाराबाहेर पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात रोखीने केलेले काम बेकायदा आहे. “सगळेच करतात” हे खरे असले तरी एकदा नोंद झाली की पुढचे सगळे परवाने धोक्यात येतात. अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून बाहेर काम करण्याची ‘सीपीटी’ नावाची सोय आहे. ती साधारणतः पहिले शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते, आणि तीही पूर्ण वेळ बारा महिने वापरली तर त्या पदवीवरची ओपीटी गमवावी लागते.

आता ओपीटी. पदवीनंतर, शिकलेल्या विषयाशी थेट संबंध असलेल्या कामासाठी, बारा महिने. अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या नव्वद दिवस आधीपासून साठ दिवस नंतरपर्यंत करता येतो. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाची शिफारस झाली की तीस दिवसांत तो सरकारी कचेरीत पोचला पाहिजे. कार्ड हाती आल्याशिवाय एक दिवसही काम करता येत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे या बारा महिन्यांत नोकरीविना काढलेले दिवस मिळून नव्वदच्या वर गेले की परवानगी गेली. आपल्याकडे मुलगा पदवीनंतर सहा महिने घरी बसला तर शेजारीपाजारी बोलतात एवढेच. तिथे सरकार दिवस मोजते.

ज्यांचा विषय विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित या गटात येतो त्यांना आणखी चोवीस महिने मिळू शकतात. मात्र कंपनी ‘ई-व्हेरिफाय’ या सरकारी पडताळणीत नोंदलेली हवी, आणि प्रशिक्षणाचा आराखडा कंपनीने व विद्यार्थ्याने सही करून द्यायला हवा. बेकारीच्या नव्वद दिवसांत या काळासाठी साठ दिवसांची भर पडते. विषय या गटात आहे की नाही हे पदवीच्या नावावरून ठरत नाही, आय-२० वर छापलेल्या संकेतांकावरून ठरते. एकाच विद्यापीठातला अर्थशास्त्राचा एक अभ्यासक्रम या गटात बसतो, दुसरा बसत नाही. व्यवस्थापनाच्या पदव्यांचेही तसेच. प्रवेश घेण्याआधी हा संकेतांक विचारून घेणारी घरे आम्हांला फार थोडी दिसतात. वसतिगृहातल्या जेवणाची चौकशी मात्र सगळे करतात.

या संकेतांकाने काय फरक पडतो ते एका काल्पनिक विद्यार्थिनीच्या उदाहरणाने सांगतो. समजा, ती मे २०२८ मध्ये एमएस झाली आणि जुलै २०२८ मध्ये तिची ओपीटी सुरू झाली. विषय तंत्रज्ञानाच्या गटातला असेल तर जुलै २०३१ पर्यंत तिला मुदत आहे. पुढची पायरी म्हणजे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, त्याची नोंदणी वर्षातून एकदा, मार्चमध्ये होते. म्हणजे पदवीनंतर तिला २०२९, २०३० आणि २०३१ अशा तीन मार्चमध्ये नशीब अजमावता येईल. तिचा विषय त्या गटात नसेल तर मार्च २०२९ हा एकच. विद्यापीठ तेच, शुल्क साधारण तेवढेच, कष्टही तेवढेच. संधी मात्र तीनऐवजी एक.

‘नशीब’ हा शब्द आम्ही सैलपणे वापरलेला नाही. एच-१बीच्या जागा वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी आणखी २०,०००. या वीस हजारांत बसायचे तर पदवी सार्वजनिक किंवा ना-नफा विद्यापीठाची लागते. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेची पदवी इथे चालत नाही, हे अनेकांना तिथे पोचल्यावर कळते. अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त येतात म्हणून सोडत काढतात. मार्च २०२३ मध्ये साडेसात लाखांवर पात्र नोंदी झाल्या होत्या, कारण एकाच उमेदवाराच्या नावाने अनेक कंपन्या चिठ्ठ्या टाकीत. २०२४ पासून माणशी एकच चिठ्ठी धरू लागले. मार्च २०२५ मध्ये ३,४३,९८१ पात्र नोंदी होत्या आणि त्यांतून १,२०,१४१ निवडल्या गेल्या, म्हणजे शंभरात पस्तीस.

डिसेंबर २०२५ मध्ये या सोडतीचाही नियम बदलला. २७ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे पगाराच्या चार पायऱ्या धरल्या जातात. सर्वांत वरच्या पायरीवरच्या उमेदवाराच्या चार चिठ्ठ्या, सर्वांत खालच्याची एक. नुकतीच पदवी घेतलेली मुले बहुधा खालच्या दोन पायऱ्यांवर असतात. त्याआधी, सप्टेंबर २०२५ मध्ये, राष्ट्राध्यक्षांनी घोषणापत्र काढून नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर आकारण्याचे जाहीर केले होते. २१ सप्टेंबरपासून बारा महिन्यांसाठी, पुढे वाढवण्याची मुभा ठेवून. महिन्याभराने, २० ऑक्टोबरला, खुलासा आला की देशात राहूनच विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्याला ही रक्कम नाही. त्या महिनाभरात किती घरांत झोप उडाली असेल याची कल्पना वाचकांनी करावी. खुलाशातून एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. आत असलेल्यासाठी दार किलकिले होते, पण एकदा मायदेशी परतून मग बोलावणे आलेल्याला ते बंद असल्यासारखेच होते.

विद्यापीठे, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था आणि संशोधन संस्था यांना मात्र ही जागांची मर्यादा लागू नाही. संशोधनाची खरी आवड असलेल्या मुलामुलींनी ही वाट डोळ्यांसमोर ठेवावी. पगार कमी, पण सोडतीची टांगती तलवार नाही.

सोडतीत नाव लागले तरी वाट तिथे संपत नाही. एच-१बी तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा. नोकरी गेली तर नवी शोधायला साठ दिवस. कायम वास्तव्यासाठी नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० परवाने, आणि त्यांत कोणत्याही एका देशाच्या लोकांना साधारण सात टक्क्यांची मर्यादा. आइसलंडला सात टक्के आणि भारतालाही सात टक्के. त्यामुळे आपल्या लोकांची रांग दशकांच्या हिशेबात मोजावी लागते. रांगेत उभ्या असलेल्या आईबापांची तिकडे वाढलेली मुले एकवीस वर्षांची झाली की रांगेबाहेर पडण्याचा धोका असतो, हे दुःख आपल्या परिचयातल्या काही घरांनी पाहिलेले आहे.

एवढे तपशील सांगितले ते घाबरवण्यासाठी नव्हे. मुद्दा पुढेच आहे. ही सारी व्यवस्था कशावर उभी आहे? ओपीटी हा अमेरिकी संसदेने वेगळा कायदा करून दिलेला हक्क नाही. प्रशासनाने केलेल्या नियमावलीतून तो आजच्या स्वरूपात १९९२ पासून चालत आला आहे. तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पहिली वाढ मिळाली २००८ मध्ये, सतरा महिन्यांची. ती देताना जनतेची मते मागवली नाहीत म्हणून २०१५ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला, आणि पर्यायी व्यवस्थेसाठी मुदत दिली. २०१६ मध्ये चोवीस महिन्यांचा नवा नियम आला. त्यालाही तिथल्या तंत्रज्ञांच्या एका संघटनेने आव्हान दिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने नियम उचलून धरला, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. म्हणजे नियम टिकला. पण सरकारला असा नियम करण्याचा अधिकार आहे एवढेच न्यायालयाने सांगितले. ज्याला करण्याचा अधिकार आहे त्याला बदलण्याचाही आहे. हे अक्षर पेन्सिलीचे आहे.

एप्रिल २०२५ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी एकाएकी रद्द झाल्या. वाहतुकीच्या किरकोळ गुन्ह्याची, पुढे मिटलेल्या तक्रारीची पोलिसांत नोंद असणे एवढेही कारण अनेकांना पुरले. विद्यार्थी न्यायालयात गेले, जागोजागी स्थगिती मिळाली आणि महिनाअखेर सरकारने नोंदी पूर्ववत केल्या. जे भांडले त्यांच्यामुळे इतरांचे वाचले. त्याच वर्षी मे महिन्याच्या शेवटी नव्या मुलाखती देणे थांबले आणि जूनमध्ये समाजमाध्यमांच्या तपासणीच्या अटीवर पुन्हा सुरू झाले. प्रवेश हाती, शुल्क भरलेले, मुलाखतीची तारीख मात्र नाही, अशी अवस्था तेव्हा अनेक घरांची झाली.

इथे कुणी म्हणेल, त्यांचा देश, त्यांचे नियम. आम्हांला हे मान्य आहे. तिथल्या पदवीधरांचीही तक्रार आहे की परदेशी विद्यार्थी कंपन्यांना स्वस्त पडतात, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. ओपीटीवरच्या विद्यार्थ्याच्या पगारातून काही वर्षे सामाजिक सुरक्षेचा कर कापला जात नाही, त्यामुळे कंपनीचाही वाटा वाचतो. दुसऱ्यांच्या भाषेच्या मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना यजमानांचे मन कळायला हवे. फरक एवढाच की इंदूरच्या किंवा बेळगावच्या मराठी माणसाला तिथे राहण्यासाठी, नोकरी धरण्यासाठी कुणाचे कार्ड लागत नाही. भारतात कुठेही वस्ती करण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमाने दिला आहे. आपले पूर्वज होळकरांच्या, शिंद्यांच्या, गायकवाडांच्या चाकरीत आले तेव्हा त्यांच्या सनदेवर परतीची तारीख नव्हती. या दोन्ही अनुभवांमुळे आपल्या घरांत एक समजूत मुरलेली आहे, की माणूस कर्तबगार असला की गेला तिथे रुजतो. समुद्रापार ही समजूत पुरत नाही. तिथे कर्तबगारीबरोबर कागद लागतो.

या समजुतीवरच एजंटांचा धंदा चालतो. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’, ‘पहिल्या दिवसापासून काम’ अशा पाट्या आपल्या प्रत्येक शहरात लागलेल्या आहेत. पहिल्या दिवसापासून सीपीटी देणारी काही विद्यापीठे आहेत, आणि ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला खरोखरीच तशी गरज आहे त्यात ती कायदेशीरही असते. पण नावापुरता प्रवेश आणि पूर्ण वेळ नोकरी असा मामला असेल तर पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी त्याचा जाब द्यावा लागतो. हैदराबादकर वाचकांना २०११ आठवत असेल. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली नावाच्या तथाकथित विद्यापीठावर धाड पडली. त्यातले बहुसंख्य विद्यार्थी भारतीय होते, आणि त्यांतही पुष्कळसे त्या वेळच्या आंध्र प्रदेशातले. काहींच्या पायांत पाळत ठेवणारी कडी अडकवली गेली. ते चालवणाऱ्या बाईला पुढे सोळा वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी २०१९ मध्ये त्याहून विचित्र प्रकार उघड झाला. मिशिगनमधले फार्मिंग्टन विद्यापीठ हे खुद्द तिथल्या सरकारी खात्यानेच सापळा म्हणून उभे केले होते. त्यात पकडलेल्यांत बहुतेक भारतीय तरुण होते. सापळा लावणे न्याय्य होते का, हा वाद घालता येईल, आणि आमच्या मते ते न्याय्य नव्हते. पण सापळ्यात जाणारी पायवाट आपल्याकडच्याच एजंटांनी आणि आपल्याच पुढे गेलेल्या मुलांनी दाखवली, हेही विसरता येत नाही.

दुसरा खोटेपणा घरचा आहे. व्हिसाच्या मुलाखतीत मुलगा सांगतो की शिकून परत येणार. तिथल्या कायद्याला विद्यार्थ्याकडून तेच अपेक्षित आहे, मायदेश सोडण्याचा हेतू नसावा अशी अटच आहे. घरी मात्र सगळा हिशेब तो परत येणार नाही या गृहीतावर मांडलेला असतो. कर्ज त्याच हिशेबाने काढतात. दोन वर्षांच्या एमएसला चाळीस-पन्नास लाख सहज लागतात. मोठ्या रकमेला सरकारी बँक तारण मागते, आणि आपल्या घरांत तारण म्हणजे बहुधा आजोबांनी बांधलेले घर. चाळीस लाख रुपये दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे त्रेपन्न हजारांचा हप्ता येतो, शिक्षणाच्या काळातले व्याज वेगळे. हप्ते बहुधा शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. तंत्रज्ञानाच्या गटात नसलेल्या मुलाची ओपीटीही साधारण त्याच सुमारास संपत असते.

म्हणून आमचा प्रत्येक पालकाला एकच प्रश्न आहे. मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन तीन वर्षांत परत आली, इथल्या कंपनीत इथल्या पगारावर लागली, तर हा हप्ता भरता येईल का? उत्तर ‘हो’ असेल तर अवश्य पाठवा, आमच्या शुभेच्छा आहेत. उत्तर ‘नाही’ असेल तर आपण शिक्षणासाठी कर्ज काढत नाही, सोडतीच्या चिठ्ठीसाठी घर गहाण टाकत आहोत. तसे करायचेच असेल तर निदान डोळे उघडे ठेवून करावे, आणि त्या घराच्या म्हाताऱ्या मालकांना ते समजावून सांगून करावे.

आता सरकारकडे वळू, कारण सगळा भार पालकांच्या डोक्यावर टाकणे आम्हांला मान्य नाही. अमेरिकेने इतर देशांना नोकरीच्या परवान्यांची सोय कराराने दिलेली आहे. चिली आणि सिंगापूरशी २००३ मध्ये मुक्त व्यापाराचे करार झाले, त्यांत अनुक्रमे १,४०० आणि ५,४०० जागा राखून मिळाल्या. त्या याच ६५,००० मधून बाजूला काढल्या जातात. ऑस्ट्रेलियाला २००५ मध्ये स्वतंत्र ई-३ वर्गाच्या १०,५०० जागा मिळाल्या. कॅनडा आणि मेक्सिकोच्या व्यावसायिकांसाठी १९९४ पासून वेगळी वाट आहे. अमेरिकी विद्यापीठांना सर्वाधिक विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबर अब्जावधी डॉलर पुरवणाऱ्या भारताला यांतले काहीही नाही.

हे आपल्या सरकारला जमत नाही असेही नाही. ऑस्ट्रेलियाशी एप्रिल २०२२ मध्ये झालेला व्यापार करार त्याच वर्षी २९ डिसेंबरला अमलात आला. त्यासोबत भारतीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणोत्तर कामाच्या मुदती लिहून घेतल्या गेल्या : पदवीनंतर दोन वर्षे, पदव्युत्तर तीन, पीएचडीला चार. जे लिहून घेतले ते बदलायचे तर दुसऱ्या पक्षाला आपल्याशी बोलावे लागते. लिहून घेतलेले नसले की काय होते ते ब्रिटनमध्ये दिसले. तिथे शिक्षणोत्तर कामाचा व्हिसा २०१२ मध्ये बंद झाला, २०२१ मध्ये दोन वर्षांचा होऊन परत आला, आणि १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो दीड वर्षावर आणायचे ठरले आहे. मधल्या काळात ज्यांनी शुल्क भरले त्यांचे नशीब.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेशी व्यापार कराराच्या वाटाघाटी करण्याचे जाहीर झाले. कापूस, दूध, मोटारी, औषधे यांवर भरपूर बोलले गेले. विद्यार्थ्यांच्या कामाच्या हक्काविषयी आपल्या एकाही खासदाराने ठामपणे विचारलेले आम्हांला स्मरत नाही. तिथली संसद अशा कलमांना सहज राजी होत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून मागूच नये काय? आमची पहिली मागणी हीच की, अमेरिकेशी होणाऱ्या कोणत्याही करारात, वा त्याला जोडलेल्या पत्रात, शिक्षणोत्तर कामाची किमान मुदत आणि नियम बदलला तर आधी प्रवेश घेतलेल्यांना जुन्याच नियमाचे संरक्षण, या दोन गोष्टी भारताने मांडाव्यात. दुसरी गोष्ट मिळणे पहिलीपेक्षा सोपे आहे, आणि ज्या घराने कर्ज काढले आहे त्याला तिचाच आधार मोठा.

दुसरी मागणी एजंटांविषयी. १९८३ चा उत्प्रवास कायदा नोकरीसाठी माणसे बाहेर पाठवणाऱ्या दलालांना परवाना घ्यायला लावतो. विद्यार्थी पाठवणारा त्यातून निसटतो. पंजाबाने २०१२ मध्ये स्वतःचा कायदा करून प्रवासी एजंट आणि सल्लागारांना नोंदणी सक्तीची केली. तो कायदा सर्वार्थाने यशस्वी झाला असे नाही, पण फसलेल्या माणसाला बोट दाखवायला एक कलम तरी मिळाले. आपण राहतो त्या राज्यांतही, जिथे असे काही नाही तिथे, ते व्हावे. एजंटाला विद्यापीठाकडून दलाली मिळते की नाही हे त्याने लेखी सांगितले पाहिजे, एवढी एक अट आली तरी निम्म्या पाट्या उतरतील.

ही निवेदने कोण देणार? आपापल्या शहरात आपण संख्येने थोडे आहोत, परंतु मंडळे जुनी आहेत, आमदार-खासदार आपल्या गणेशोत्सवाला येतात, हार घालून घेतात. त्या हाराबरोबर एक कागदही हाती द्यावा. आणि हे एकट्याने करायचे नाही. इंदूरच्या हिंदी भाषिक शेजाऱ्याचा, बडोद्याच्या गुजराती व्यापाऱ्याचा, हैदराबादच्या तेलुगू कुटुंबाचा मुलगा त्याच रांगेत उभा आहे. भाषेचे प्रश्न आपण आपले म्हणून मांडतो ते योग्यच. हा प्रश्न मात्र सगळ्यांना बरोबर घेऊन मांडला तरच ऐकला जाईल.

मंडळांनी स्वतः करण्यासारखेही पुष्कळ आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करते आहे आणि तिथल्या अनेक शहरांत मराठी मंडळे आहेत. आपल्या मंडळाने दर वर्षी जाणाऱ्या मुलांची यादी संमतीने त्यांच्याकडे पोचवावी. निघण्यापूर्वी मुलांची एक बैठक घ्यावी आणि तीत परत आलेल्यांना आवर्जून बोलवावे, कारण तिकडे स्थिरावलेले लोक वीस वर्षांपूर्वीचे नियम सांगतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या व्यवस्थेत प्रत्येक विद्यार्थ्याने नाव नोंदवावे. आय-२०, कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, प्रत्येक कागदाची प्रत घरीही ठेवावी. शंका आली तर विद्यापीठाच्या कार्यालयाला विचारावे आणि मामला गुंतागुंतीचा असेल तर परवानाधारक वकिलाला. खोलीतल्या मित्राचा सल्ला फुकट असतो, पण पुढे महाग पडतो.

शेवटी परतणाऱ्यांविषयी. १९१३ साली बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, परत येऊन संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. करार पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्यास आले, आणि जातीपायी त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही. परदेशी शिकून आलेल्या माणसाला आपला समाज कसे वागवतो, याचा तो सर्वांत लाजिरवाणा दाखला आहे. आजच्या परतणाऱ्यांची गोष्ट त्या अपमानाच्या पासंगालाही पुरणार नाही, आणि दोन्हींची तुलना आम्ही करीत नाही. पण घेण्यासारखा धडा आहे. परत ये म्हणणे सोपे असते, आल्यावर जागा देणे अवघड.

सोडतीत तीनदा नाव न लागलेली मुलगी तीन वर्षांचा अनुभव आणि उत्तम पदवी घेऊन घरी येते. तिला पहिला प्रश्न विचारला जातो, “का गं, काय झालं?” लग्नाच्या बैठकीत तिची पदवी सांगताना आवाज खाली जातो. तिचे काहीही चुकलेले नसते. शंभरातल्या पस्तीसांत तिची चिठ्ठी आली नाही, एवढेच. आपल्या शहरांतल्या कारखानदारांनी, महाविद्यालयांनी, सहकारी बँकांनी, आणि त्यांत आपल्या समाजाचे लोक थोडे नाहीत, अशा मुलांना बोलावून घ्यावे. मंडळाच्या वृत्तपत्रकातही एक बदल करता येईल. रवाना होणाऱ्यांच्या यादीशेजारी परत आलेल्यांची यादी छापावी, त्याच आकाराच्या अक्षरांत, नावासमोर शिक्षण आणि अनुभव लिहून. पुढच्या अंकापासून आम्ही ती सुरू करीत आहोत. वाचकांनी नावे कळवावीत.